तिघींच्या नावावरचे घर मुदतीआधी सोडताना

प्रश्न : पत्रलेखिका अठ्ठावीस वर्षांच्या असून कोथरूडमध्ये दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. लिव्ह अँड लायसन्स करार तिघींच्या नावावर, १ ऑगस्टपासून अकरा महिन्यांचा आहे. भाडे महिना ३६,००० रुपये आणि डिपॉझिट १,२०,००० रुपये असून दोन्हींत तिघींचा वाटा सारखा आहे. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर करार सोडता येत नाही, आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस अशी अट आहे. चार महिने झाल्यावर त्यांना कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात कायम नोकरीचे नेमणूकपत्र मिळाले असून १ जानेवारीला रुजू व्हायचे आहे. आपल्या जागी येण्यासाठी त्यांनी एक मुलगी शोधली, पण ती रात्रपाळीला काम करते म्हणून दोघींनी नकार दिला. दोघींपैकी एक राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेची तयारी करते आहे. जूनपर्यंतचा वाटा, म्हणजे ७२,००० रुपये, देऊनच जावे असे दोघींचे म्हणणे आहे. घरमालक सांगतात, ‘तुमचे तुम्ही बघा, मला दर महिन्याला पूर्ण भाडे हवे आणि डिपॉझिट शेवटी एकदमच मिळेल.’ ‘मी माझ्या बदल्यात माणूस दिला, मग माझी जबाबदारी संपली नाही का? आणि इतक्या चांगल्या कारणासाठी जात असताना मला विश्वासघातकी का ठरवले जाते आहे?’ असे त्या विचारतात.

उत्तर :

तुमच्या पत्रात नेमणूकपत्राचा उल्लेख एकाच वाक्यात आला आहे आणि तोही जवळजवळ माफी मागितल्यासारखा. महाविद्यालयातल्या कायम जागेसाठी माणसांची उमेदीची वर्षे कशी निघून जातात हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून आधी तुमचे मनापासून अभिनंदन करते. या आनंदाबद्दल तुम्ही कोणाचेही देणे लागत नाही. घराबद्दल मात्र काही देणे लागता; ते नेमके किती आणि कोणाचे, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे.

‘माझा वाटा’ हे शब्द तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतात. आज संध्याकाळी कराराची प्रत काढून तिचे पहिले पान वाचा. तिथे तुम्हा तिघींची नावे, वये आणि कायमचे पत्ते असतील, आणि त्याखाली तिघींना मिळून ‘लायसन्सी’ म्हटले जाईल अशा अर्थाचा मजकूर असेल. पुढे भाड्याच्या कलमात ३६,००० हा एकच आकडा असेल. १२,००० हा आकडा त्या कागदावर बहुधा कुठेही सापडणार नाही, कारण तो तुम्ही तिघींनी आपापसांत ठरवलेला आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ४३ प्रमाणे, अनेकांनी मिळून एक वचन दिले असेल आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर समोरचा माणूस त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून ते पुरते पाळून घेऊ शकतो. ज्याने जास्त भरले त्याने इतरांकडून त्यांचा हिस्सा वसूल करावा, अशी सोयही तेच कलम करते. म्हणजे घरमालकांचे ‘तुमचे तुम्ही बघा’ हे बोलणे ऐकायला कोरडे असले, तरी कायद्याला धरून आहे. त्यांच्या दृष्टीने तुमच्या घरात तीन भाडेकरू नाहीत, तीन नावांचा एकच भाडेकरू आहे.

याचाच दुसरा अर्थ असा, की ३१ डिसेंबरला तुम्ही सामान घेऊन कोल्हापूरला गेलात, तरी करारातून गेलेल्या नसता. फेब्रुवारीत भाडे थकले तर त्याची विचारणा तुमच्याकडेही होऊ शकते. इतकेच नाही, तर ३० जूनला मुदत संपल्यावर तुमच्या मैत्रिणींनी काही कारणाने घर सोडले नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू होते, आणि कागदावर नाव असल्यामुळे तुम्हीही त्या वादात ओढल्या जाल. तुमच्या मैत्रिणी असे करतील असे मी मुळीच सुचवत नाही. मात्र पैसे देऊन मोकळे होणे आणि नाव काढून मोकळे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ७२,००० रुपयांच्या वादात तुम्ही तिघीही दुसरी गोष्ट विसरला आहात. उद्या सगळी रक्कम मोजून दिलीत, तरी नाव तिथेच राहील.

आता ‘मी माझ्या बदल्यात माणूस दिला’ या म्हणण्याकडे येते. तुम्ही धावपळ करून कोणीतरी शोधले, हे चांगलेच केले. पण लिव्ह अँड लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची व्यक्तिगत परवानगी असते. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ याच्या कलम ५२ मध्ये लायसन्सची जी व्याख्या आहे, तीनुसार अशा परवानगीने जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. त्यामुळे ती परवानगी आपल्या मर्जीने दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. घरमालकांनी होकार दिल्याशिवाय नवी मुलगी त्या घरात फक्त पाहुणी ठरेल, आणि तिने काही मोडतोड केली तर त्याला जबाबदार तुम्हीच राहाल.

मैत्रिणींचा होकार कायद्याने लागतो की नाही, हे मी क्षणभर बाजूला ठेवते. तुमच्या जागी जी येईल तिच्याबरोबर राहायचे त्यांना आहे, तुम्हाला नाही. पहाटे चार वाजता लॅचची चावी फिरते, बाथरूमचा दिवा लागतो, गीझर सुरू होतो, आणि त्याच खोलीत दुसऱ्या पलंगावर अकरापर्यंत वाचत बसलेली मुलगी जागी होते, असे रोज घडले तर मुख्य परीक्षेच्या तोंडावर तिचे काय होईल याचा विचार करा. तिचा नकार तुमच्यावरच्या रागातून आला आहे असे तुम्ही लिहिता. मला त्यात राग कमी आणि धास्ती जास्त दिसते. ती घरून येणाऱ्या पैशांवर राहते असेही तुम्ही ओघात लिहिले आहे. तुम्ही गेल्यावर जागा रिकामी राहिली, तर दोघींवर दर महिन्याला ६,००० रुपयांचा जादा भार येतो. पगार असणारीला तो जाचेल. घरी फोन करून पैसे मागावे लागणाऱ्या मुलीची त्याने झोप उडेल. ‘विश्वासघात’ हा शब्द मला मान्य नाही, पण तो तिच्या तोंडून का निघाला असेल, हे मला समजू शकते.

त्यांच्या बाजूचे मात्र एक गृहीतक मला तपासून पाहावेसे वाटते. जूनपर्यंतचे सगळे पैसे देऊन जा, हे म्हणणे कागदाच्या आधाराने टिकत नाही. करारानुसार लॉक-इन ३१ जानेवारीला संपतो. त्यानंतर तिघींनी मिळून महिनाभराची नोटीस दिली, तर फेब्रुवारीअखेर संपूर्ण करारच संपू शकतो. लॉक-इन चालू असताना नोटीस देता येते असे तुमच्या करारात असेल, तर जानेवारीअखेरही. म्हणजे घरमालकसुद्धा जिथे फार तर जानेवारी आणि फेब्रुवारीचे भाडे मागू शकले असते, तिथे मैत्रिणी सहा महिन्यांचे मागत आहेत. शिवाय करार मोडल्याबद्दल दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते, आणि नुकसान ठरवताना ते टाळण्याचे कोणते मार्ग हाताशी होते, याचाही विचार होतो. १ जानेवारीपासून नवी व्यक्ती भाडे भरू लागली, तर कोणाचे काय नुकसान झाले?

म्हणून माझ्या मते न्याय्य आकडा ७२,००० नाही, आणि शून्यही नाही. योग्य व्यक्ती मिळेपर्यंत, पण जास्तीत जास्त फेब्रुवारीअखेरपर्यंत, तुम्ही दरमहा आपले १२,००० रुपये देत राहावे. ही रक्कम २४,००० च्या वर जाणार नाही. कोल्हापुरात नवे बिऱ्हाड मांडताना तीही जड जाईल, हे मी जाणते. पण तुम्ही राहिला असतात, तरी लॉक-इन आणि नोटीस पाळून बाहेर पडण्याची किंमत तुमच्यापुरती साधारण एवढीच होती.

या दोन महिन्यांत काय करायचे, ते आधी ठरवून घ्या. तुम्ही माणूस शोधायचा आणि त्यांनी नाकारायचे, हा क्रम थांबवला पाहिजे. दोघींना विचारा, की त्यांना कशी मुलगी चालेल: दिवसपाळीची, शाकाहारी, विद्यार्थिनी, जे काय असेल ते त्यांनी सांगावे. त्या अटींत बसणाऱ्या दोन-तीन मुली तुम्ही घर पाहायला आणा आणि निवड त्यांनी करावी. त्यांनी स्वतःही शोधावे. मग एक गोष्ट शांतपणे पण स्पष्ट बोला. नाकारण्याचा हक्क त्यांचा आहे, तसा नाकारण्याचा खर्चही त्यांचाच आहे. त्यांनी स्वतः घातलेल्या अटींत बसणारी मुलगी नाकारली, तर त्या महिन्यानंतरचे भाडे तुम्ही देणार नाही. हे बोलणे समोरासमोर बसून करा, चहा घेत करा, पण झाल्यावर त्याच रात्री तिघींच्या ग्रुपवर चार ओळींत लिहून टाका. ‘आज ठरले ते असे’ एवढ्याच सुरुवातीने लिहा. मैत्रीत लिखापढी कशाला, असा विचार मनात येईल. मला उलटे वाटते, कारण तोंडी ठरलेल्या गोष्टी मार्चमध्ये तिघींनाही वेगवेगळ्या आठवतील.

इथे एक जुनी आठवण सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नारायण पेठेत दोघींबरोबर एका खोलीत राहत असे. कागद वगैरे काही नव्हता, मालकीणबाईंच्या वहीत आमची नावे होती इतकेच. आमच्यातली एक लग्न ठरून अचानक गेली. पुढचे दोन महिने तिच्या वाट्याची मनीऑर्डर आली, आणि फॉर्मच्या खालच्या कोपऱ्यात निरोपासाठी जी दोन बोटांची जागा असायची, तिथे बारीक अक्षरात लिहिलेले असे, ‘हे डिसेंबरचे. जानेवारीचे दहाच्या आत पाठवते.’ ती गेली याचा त्या वेळी मला फार राग आला होता, हे मी लपवत नाही. पण पुढच्या महिन्याचे काय, हे आम्हाला तिला एकदाही विचारावे लागले नाही. तुमच्या मैत्रिणीला सर्वांत जास्त गरज या माहितीची आहे: कोणत्या महिन्यापर्यंत, किती, आणि कोणत्या तारखेला.

घरमालकांशी मात्र तुम्ही स्वतः बोला. आतापर्यंत निरोप मैत्रिणींमार्फत गेले आहेत असे दिसते, आणि त्यामुळे त्यांच्या मनात ‘पोरींचे भांडण’ एवढेच चित्र उभे राहिले असेल. फोन करा आणि पाठोपाठ लेखी कळवा. मजकूर असा असू शकतो: ‘नोकरीनिमित्त मला ३१ डिसेंबर रोजी आपले घर सोडावे लागत आहे. माझ्या जागी येणाऱ्या व्यक्तीची माहिती व कागदपत्रे आपल्या संमतीसाठी पाठवीत आहोत. आपली संमती मिळाल्यास सध्याचा करार परस्परसंमतीने संपवून उरलेल्या दोघी आणि नवी व्यक्ती यांच्या नावे नवा करार नोंदवावा, ही विनंती. तोवरचे भाडे ठरलेल्या तारखेस पूर्ण मिळेल. माझ्या डिपॉझिटच्या वाट्याची व्यवस्था नव्या व्यक्तीकडून आपसांत करण्यास आपली हरकत नसल्यास तसे कळवावे.’ भाडे पूर्ण आणि वेळेवर मिळणार, हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. घरमालकांना चिंता त्याचीच असते.

नव्या कराराचे नाव काढले की मालक आणि भाडेकरू दोघेही खर्चाच्या कल्पनेने कचरतात, आणि ‘राहू द्या जुनाच, पाच-सहा महिने तर उरलेत’ असे म्हणतात. हा खर्च किती येतो, हे पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात अशा करारावर मुदतीतल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे वार्षिक १० टक्के व्याज त्या हिशेबात धरले जाते. सहा महिन्यांचे भाडे २,१६,००० रुपये धरले, तर शुल्क सहाशे रुपयांच्या आतबाहेर येते. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये आहे. त्याशिवाय एजंटची फी. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन ही नोंदणी घरबसल्या होते, दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावावी लागत नाही. दोन-तीन हजारांसाठी सहा महिने नाव अडकवून ठेवू नका; मी तुमच्या जागी असते, तर हा सगळा खर्च आपण होऊन उचलला असता, कारण नाव काढण्याची गरज सर्वांत जास्त तुम्हालाच आहे. मालकांनीही लक्षात घ्यावे, की भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी त्यांची आहे, आणि कागदावर एक राहणार व घरात दुसरीच, ही स्थिती त्यांच्याही हिताची नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे आणि सोसायटीला कळवणे, हेही नव्या नावाने पुन्हा करावे लागेल.

डिपॉझिटबद्दल तुमचा जीव टांगणीला लागला आहे, ते साहजिक आहे. करार चालू असताना एकीचे ४०,००० वेगळे काढून द्यायला मालक बांधील नाहीत. प्रत्यक्षात नवी मुलगी तेवढी रक्कम जाणाऱ्या मुलीला देते आणि मालकांकडची रक्कम तशीच राहते. यात फसगत अशी होते, की नव्या मुलीने पैसे तर दिले, पण मालकांच्या दृष्टीने डिपॉझिट अजून जुनीच्याच नावावर असते. म्हणून नव्या करारात १,२०,००० रुपये डिपॉझिट मिळाल्याचा उल्लेख नव्या तिघींच्या नावे यायला हवा. पैसे बँकेतून घ्या, रोख नको. आणि घर सोडण्यापूर्वी चौघी मिळून एकदा खोली-खोली फिरा. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचे तुटलेले चाक, भिंतीवरचा ओलीचा डाग, तुमच्या कपाटाच्या दारावर चिकटपट्टी काढताना उडालेला रंग, जे असेल त्याचे फोटो काढा आणि त्या दिवशीच ठरवा, की यातले तुमच्याकडे काय लागते. जूनमध्ये मालक रंगकामाचे पैसे कापतील, तेव्हा नव्या मुलीने तुमचा उडालेला रंग का भरावा? तुमच्या वाट्याची भाड्याची रक्कम ‘डिपॉझिटमधून वळती करा’ असे मात्र मैत्रिणींना परस्पर सांगू नका. ते पैसे त्यांच्याकडे नसून मालकांकडे आहेत, आणि अशा वळत्या करण्यातून पुढे सगळ्यांचा हिशेब चुकतो.

सर्व प्रयत्न करूनही मालक नव्या मुलीने राहण्याला हो, पण नव्या कराराला नाही म्हणाले, तर तिघींनी मिळून नोटीस देऊन करार संपवणे हा एक मार्ग उरतो, पण तो मी सुचवणार नाही. परीक्षेच्या तोंडावर त्या मुलीला घर शोधायला लावणे हा तुमच्या सोयीसाठी तिने मोजलेला फार मोठा दाम होईल. त्यापेक्षा नाव कागदावर राहू द्या, आणि दोघींकडून आणि नव्या मुलीकडून लिहून घ्या, की फेब्रुवारीनंतरचे भाडे, वीजबिल आणि मोडतोड यांची जबाबदारी त्यांची राहील, आणि मालकांनी तुमच्याकडून काही वसूल केल्यास त्या ते भरून देतील. या कागदाने मालक बांधले जाणार नाहीत, पण तुम्हा चौघींमधला हिशेब स्पष्ट राहील. याच्या पुढे वाद गेला, तर कराराची प्रत घेऊन शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. घरात राहणे असुरक्षित झाले म्हणून बाहेर पडायचे असेल, कोणी त्रास देत असेल, तर वरचा कोणताही क्रम पाळत बसू नका. आधी बाहेर पडा, कागद नंतर पाहता येतो. आणि जे आज नवा करार करत आहेत, त्यांनी घर घेण्याच्या दिवशीच आपसांत एक पानभर लिहून ठेवावे: कोणी आधी गेले तर किती दिवस आधी सांगायचे, किती महिन्यांचा वाटा द्यायचा, नवी व्यक्ती कोणी निवडायची. तेव्हा कोणी जाणार नसते, त्यामुळे सगळे मोठ्या मनाने बोलतात.

तुमच्याकडे आता महिन्याहून कमी दिवस आहेत. पहिले बोलणे परीक्षा देणाऱ्या मैत्रिणीशी, तिच्या अभ्यासाची वेळ टाळून, एकटीशी करा. दुसरी समोर असली की दोघींची एक बाजू होते. घरमालकांना पत्र त्याच आठवड्यात जाऊ द्या. वायफाय किंवा गॅस तुमच्या नावावर असेल, तर तेही बदलून घ्या. आणि डिसेंबरचे शेवटचे दोन दिवस सामान बांधण्यात घालवू नका, ते मोकळे ठेवा: जुना करार संपवल्याच्या पत्रावर तुमची सही लागेल, चावी मालकांच्या हातात देऊन तिची पोच घ्यावी लागेल, आणि मीटरच्या आकड्याचा फोटो तुम्हालाच काढायचा आहे.